शिशाचं सील

समुद्र मी पाहिलेला नाही.
जालन्यात तो ट्रेलरवरून येतो, कापलेला,
पत्र्यांच्या थरात शिंपल्यांची पांढरी खपली घेऊन.
आम्ही त्याला काट्यावर घेतो,
रात्रपाळीला भट्टीत घालतो.
सकाळी त्याच्या सळया झालेल्या असतात.

माझं काम निवडायचं.
तांबं इकडं, बीड तिकडं,
आणि बंद असेल ते बाजूला:
शॉकअप, गॅसची टाकी, दोन्ही तोंडं चेपलेला पाइप.
आत हवा राहिली, पाणी राहिलं,
तर भट्टी ते पोटात ठेवत नाही.
हातोडीनं वाजवायचं.
भरीव असलं की लगेच ठण्ण.
पोकळ असलं की आधी थोडं थांबतं,
मग बोलतं.

परवा अलंगच्या मालात हे निघालं.
एका बुडावर दोन माना,
मानेमानेत मनगटाएवढी स्प्रिंग,
वर टोपी, टोपीला तार,
तारेला शिशाचं सील, चिंचोक्याएवढं.
मुनीम म्हणाला, गनमेटल आहे, वेगळं काढ.

लियाकतभाईंनी कटर बंद केला,
काळा चष्मा कपाळावर सरकवला.
उदगीरचा माणूस,
एकवीस वर्षं जहाजाच्या पोटात तेलपाणी बघितलेला.
हात फिरवला त्याच्यावर, म्हशीच्या पाठीवर फिरवावा तसा.

"बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह.
दोन लागतात. एक अडकला तर दुसरा.
बॉयलर अन् ह्याच्या मधी तोटी चालत नाही.
बंद करायला कुणाच्या हातात काही द्यायचंच नाही.
सील सर्व्हेअर मारतो.
ते तोडायची कॅप्टनचीबी टाप नाही."

अन् हा दांडा?

"लांबून उघडायला. खाली वाफ कोंडली
तर वरून, माणूस भाजणार नाही अशा जागेवरून."

मग परीक्षेचं सांगितलं.
वाफेच्या सगळ्या वाटा बंद करतात,
आग पुरी सोडतात.
पंधरा मिनिटं सगळे नुसते काट्याकडं बघत.
दाब ठरल्यापेक्षा दहावा हिस्सा चढला तर चढला,
त्याच्या वर जाता कामा नये.
"अन् गेला तर व्हॉल्व्ह लहान पडला म्हणायचं.
बॉयलरचा दोष नाही."

मी हातोडी खाली ठेवली.

पोळ्याचा दुसरा दिवस होता, सहा वर्षांमागं.
टाकी थांबून बोलली होती.
मी सांगितलं होतं.
सुपरवायझर म्हणाला, टाका, हीट थंड व्हायलीय.
तिघं गेले.
त्यातला परमेश्वर आमच्या गल्लीतला,
नवी चप्पल जपायची म्हणून अनवाणी यायचा गेटपर्यंत.
नंतर टाइप केलेला कागद आला:
निवडणाऱ्या कामगाराच्या नजरचुकीमुळे.
मी सही केली.
सही मला चांगली येते, रात्रीच्या वर्गात शिकले होते.
काम राहिलं.
गयाबाईच्या दारावरून रोज जाते.
ती म्हणते, ये, चहा घे.
मी म्हणते, उशीर होईल.

हे सगळं ग्राइंडरच्या आवाजात सांगितलं,
अर्धं त्यांना ऐकूच गेलं नसेल.
ते काही बोलले नाहीत.
पक्कडीनं तार तोडली.
"तोंड वर नको धरू," एवढंच.
मग पान्याचा एकेक आटा, थांबत थांबत.
स्प्रिंग बोटभर वर आली,
रंगाखाली न गंजलेला लोखंडाचा एक पट्टा उघडा पडला.
इतकी वर्षं ती दाबलेलीच होती,
बॉयलर कापला गेला तरी.

गनमेटल मुनिमानं वजन करून नेलं.
सील कुणी मागितलं नाही.

सुटी झाल्यावर
गयाबाईच्या दारात चप्पल काढली.
ती गॅसकडं वळली.
मी म्हटलं, चहा नको.
आधी बसा.